मुका साक्षीदार

गुन्हेगारी चित्रपटात साक्षीदार खरे बोलतो आहे की खोटे, हे ठरवण्यात पोलिसांचा आणि प्रेक्षकांचा बराच वेळ जातो. १९८९ सालच्या ‘टर्नर अँड हूच’ने हा प्रश्नच निकालात काढला, कारण त्यातल्या खुनाचा एकमेव साक्षीदार कुत्रा आहे. त्याला खोटे बोलता येत नाही आणि खरेही सांगता येत नाही. सांगता येत असते, तर चित्रपट दहा मिनिटांत संपला असता.

टॉम हँक्सने केलेला स्कॉट टर्नर हा कमालीचा टापटिपीचा पोलीस तपासनीस. बदलीला अवघे तीन दिवस उरलेले असताना गोदीवर राहणाऱ्या त्याच्या वृद्ध मित्राचा खून होतो आणि म्हाताऱ्याचे ते अजस्र, धसमुसळे कुत्रे याच्या गळ्यात पडते. डोग द बोर्दो जातीच्या बीझलीने हूचची भूमिका केली आहे. सुरकुतलेला चेहरा, भलेथोरले डोके आणि जबड्यातून लोंबणारी लाळ. ती लाळ पाहून टर्नरच्या चेहऱ्यावर जी किळस उमटते, तिच्यापुढे मला चित्रपटातले निम्मे संवाद फुकट गेल्यासारखे वाटतात.

टर्नर कुत्र्याचे खाणे आणायला बाहेर पडतो आणि परततो तेव्हा त्याच्या लख्ख घराचा पार उकिरडा झालेला असतो. प्रसंग ढोबळ आहे, हे मान्य. पण हूच सूडही उगवत नाही आणि खोडीही काढत नाही, तो केवळ कुत्र्यासारखा वागतो, आणि दिग्दर्शक रॉजर स्पॉटिसवुड यांनी त्याच्यावर माणसाची बुद्धी लादलेली नाही, म्हणूनच ते हसू खोटे वाटत नाही. पुढे एका लग्नसमारंभात हूच खुन्याला ओळखून त्याच्यामागे धावतो, तेव्हाही तपासाला खरी दिशा मिळते ती त्याच्या याच कुत्रेपणामुळे.

त्याच वर्षी काही महिने आधी ‘के-नाइन’ आला होता. त्यात जेम्स बेलुशीच्या जोडीला जर्मन शेफर्ड आहे, पण तो अमली पदार्थ हुंगून काढणारा प्रशिक्षित पोलीस कुत्रा. शिकवलेल्या कुत्र्याने कामगिरी फत्ते केली की कौतुक वाटते. गावंढळ हूचने तीच केली की गंमत वाटते, आणि माझे मत अर्थातच हूचला.

तक्रार शेवटाबद्दल आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे. टर्नरचा जीव वाचवताना हूच गोळी लागून मरतो, आणि दीड तास खळखळून हसवलेल्या प्रेक्षकाला पटकथा अचानक रडायला लावते. मग त्याच्यासारखेच दिसणारे, तसेच घर उधळणारे एक पिल्लू आपल्या हाती ठेवले जाते. पिल्लू गोजिरवाणे आहे खरे, पण मी दुसऱ्यांदा चित्रपट पाहिला, तेव्हा हूच गोळीच्या आड येण्याआधीच तो बंद केला.