नवऱ्याचं तिकीट, काउंटीचं कोर्ट आणि चाळीस डॉलरचा शिक्का

सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्मवर एक प्रश्न आहे. आजवर पोलिसांनी तुम्हाला कधी अटक केली, ताब्यात घेतलं किंवा सायटेशन दिलं का? ट्रॅफिकचं तिकीट हेही सायटेशनच. नवरा बिनदिक्कत ‘नाही’वर टिक करायला निघाला होता, तेवढ्यात मला लॉस एंजेलिसच्या ट्रिपमध्ये वेगासाठी मिळालेलं तिकीट आठवलं.

फॉर्मच्या सूचनांमध्ये थोडी सवलत आहे. अटक झाली नसेल, दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल, तर तिकीट कळवायचं असतं, कागद जोडावे लागत नाहीत. आमचा आकडा ५०० च्या पलीकडे गेला होता. वेगमर्यादा ताशी ७० मैल, गाडी ९७ वर. २५ मैलांपेक्षा जास्त फरक असला की कॅलिफोर्नियात कोर्टाचा क्लार्क स्वतःच्या अधिकारात ट्रॅफिक स्कूल (तिकिटाची नोंद झाकली जावी म्हणून करायचा वर्ग) देऊ शकत नाही, त्यासाठी जजसमोर जावं लागतं. इतक्या लांब कोण जातंय? म्हणून दंड भरायचं ठरलं. मूळ दंड १०० डॉलर. पण त्यावर दर १० डॉलरमागे २९ डॉलरचे अधिभार, वर २० टक्के राज्याचा सरचार्ज, ४० डॉलर कोर्टाच्या कामकाजाचे, ३५ दोषसिद्धीचे आणि आणखी किरकोळ काही. शंभराचे ४९० झाले. त्यात मधल्या काळात आम्ही घर बदललं. इमिग्रेशनला एआर-११ भरून नवा पत्ता कळवला होता, डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, कळवायचं नवऱ्याकडून राहून गेलं (मुदत दोन्हीकडे १० दिवसांचीच). कोर्टाची नोटीस जुन्या अपार्टमेंटला गेली, तारीख चुकली आणि वर १०० डॉलर बसले. २०२२ च्या जुलैपूर्वी हीच रक्कम ३०० पर्यंत जायची, एवढंच समाधान.

मूळ तिकीट गायब. भरल्याची पावती कुठल्याशा जुन्या ईमेलमध्ये. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं तर अर्धे म्हणाले बँक स्टेटमेंट पुरे, अर्धे म्हणाले वकील गाठा. वकिलीणबाईंनी दोन वाक्यांत निकाल दिला : ‘कोर्टाचं सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे केस कशी संपली त्याचा शिक्क्याचा कागद, आणा. बाकी कशाने काम होणार नाही.’ आमच्याकडे कागदपत्रांचं खातं माझ्याकडे असल्यामुळे पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

पहिला प्रश्न : कुठलं कोर्ट? कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) आहेत, प्रत्येकीचं स्वतःचं सुपीरियर कोर्ट, आणि जिथे तिकीट मिळालं तिथल्या कोर्टात केस जाते. तुम्ही राहता कुठे याचा संबंध नाही. सगळ्या राज्यातल्या ट्रॅफिक केसेस एका ठिकाणी शोधता येतील असं काही नाही. नवऱ्याची साक्ष अशी, की हॅरिस रँचच्या गुरांचा वास येऊन गेला होता आणि ग्रेपव्हाइनचा घाट अजून यायचा होता. आय-फाइव्ह हायवेवरून गेलेल्या कुणालाही तो वास माहीत आहे, पण त्या पट्ट्यात फ्रेस्नो, किंग्ज आणि कर्न अशा तीन काउंट्या लागतात.

याचं उत्तर डीएमव्हीकडे स्वस्तात मिळालं. ड्रायव्हर रेकॉर्ड ऑनलाइन २ डॉलरला मिळतं. पोस्टाने आयएनएफ ११२५ फॉर्म पाठवलात तर ५ डॉलर. हे ज्याचं त्यालाच काढता येतं, म्हणून नवऱ्याला लॅपटॉपपाशी बसवलं. रेकॉर्डवर गुन्ह्याची तारीख, दोषसिद्धीची तारीख, व्हेइकल कोडचं कलम, डॉकेट नंबर (म्हणजे केसचा नंबर) आणि कोर्टाचा कोड एका ओळीत छापलेले असतात. कोड किंग्ज काउंटीचा निघाला. केटलमन सिटीच्या आसपास पकडलं होतं, आणि ‘तिथे पुढे इन-एन-आउटला थांबलो होतो की!’ हे नवऱ्याला तेव्हा आठवलं. एक लक्षात ठेवा, वेगाच्या साध्या तिकिटाची नोंद या रेकॉर्डवर साधारण तीन वर्षंच दिसते. आमचं तिकीट त्या मुदतीत होतं म्हणून २ डॉलरमध्ये भागलं.

डीएमव्हीचं रेकॉर्ड हातात आल्यावर नवरा म्हणाला, झालं की, हेच जोडू. नाही. डीएमव्ही सांगते की दोष लागला. पैसे पूर्ण भरले का, केस बंद झाली का, हे कोर्टाच्या दप्तरात असतं.

मग मी कोर्टाच्या सूचीत नावाने शोधायला बसले आणि काहीच सापडेना. आपल्या मंडळींचा हा खास घोळ आहे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात नवऱ्याचं नाव आणि सासऱ्यांचं नाव एकापाठोपाठ एक आहे. लायसन्स त्यावरून बनलं, तिकीट लायसन्सवरून, आणि कोर्टाची नोंद तिकिटावरून. त्यामुळे कोर्टाच्या लेखी दोन्ही मिळून पहिलं नाव. नुसतं आडनाव टाकावं तर ते जोशी-कुलकर्ण्यांइतकं सर्रास. शिवाय २०२१ मध्ये इथल्या अपील कोर्टाने रिव्हरसाइडच्या एका प्रकरणात निकाल दिला, की फौजदारी केसेसच्या सूचीत जन्मतारीख किंवा लायसन्स नंबर टाकून लोकांना शोधू देता येणार नाही. खाजगीपणाच्या दृष्टीने उत्तमच निकाल, पण एकाच नावाची चार माणसं असली की आपला माणूस ओळखायला नावाशिवाय हाताशी काही उरत नाही. म्हणून सांगते, नावाच्या भानगडीत पडू नका. डॉकेट नंबर मिळवा.

गूगलवर शोधताना वरचे दोन-तीन दुवे खाजगी कंपन्यांचे असतात. एक डॉलरमध्ये कुणाचंही रेकॉर्ड! कार्ड नंबर देण्याआधी बारीक अक्षरं वाचली तर दर महिन्याचं सबस्क्रिप्शन लागणार होतं. आणि पैसे मोजून मिळणार काय, तर शिक्का नसलेला प्रिंटआउट.

हॅनफर्डला, म्हणजे किंग्ज काउंटीच्या कोर्टात, फोन केला. मी सरळ ‘रेकॉर्ड’ मागितलं, तर क्लार्कबाईंनी विचारलं, तिकिटाची प्रत हवी आहे की डॉकेटचा, म्हणजे केसच्या नोंदींचा, प्रिंट? इमिग्रेशनसाठी म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं की सर्टिफाइड डॉकेट मागा, केस कशी संपली ते त्यात येतं. नवऱ्याने फोनवर यायची गरजच पडली नाही. ट्रॅफिक केसचं रेकॉर्ड सार्वजनिक असतं, शुल्क भरून कुणीही मागू शकतं.

शुल्काचा हिशोब राज्यभर सारखाच आहे, कारण तो सरकारी कायद्यात ठरलेला आहे. प्रत पानाला ५० सेंट. सर्टिफिकेशन ४० डॉलर. आणि शोधायला १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर प्रत्येक शोधाचे १५ डॉलर. पान किती निघतील हे आधी कळत नाही, मग चेकवर लिहायचं काय? इथे एक पद्धत आहे, जी मला तोवर ठाऊक नव्हती. चेक कोर्टाच्या नावाने लिहायचा, सही करायची, रकमेची जागा कोरी ठेवायची आणि ‘नॉट टू एक्सीड’ लिहून पुढे कमाल आकडा टाकायचा. कोर्ट त्या मर्यादेत जेवढे व्हायचे तेवढेच भरून घेतं. सही केलेला कोरा चेक पोस्टात टाकायचा या कल्पनेने माझ्या बाबांना पुण्यात व्हिडिओ कॉलवर घाम फुटला. मी कमाल ६० लिहिले : ४० सर्टिफिकेशनचे, १५ शोधाचे, उरलेले पानांचे. घरात चेकबुक सापडायलाच जरा वेळ गेला, ते वेगळं.

पत्रात लायसन्सवर आहे तस्संच पूर्ण नाव, तिकिटाची तारीख, डॉकेट नंबर, कलम २२३५६(बी) आणि ‘सर्टिफाइड कॉपी ऑफ द डॉकेट’ एवढी एकच मागणी. सोबत आमचा पत्ता लिहून पोस्टाचं तिकीट लावलेलं मोठं पाकीट, कारण उत्तर त्यातूनच येतं. लहान पाकीट दिलंत तर कागदाला घड्या पडतात.

बँकेत ४१ डॉलर वजा झालेले दिसले तेव्हाच कळलं : दोन पानं, आणि डॉकेट नंबर दिल्यामुळे शोधाचे १५ वाचले. पाकीट त्यामागोमाग आलं. वर केसचा नंबर, खाली तारखांची उतरंड. सायटेशन दाखल. मग नोटीस पाठवली. मग ‘एफटीए’, म्हणजे तारखेला हजर नाही. मग १०० डॉलर. मग ‘बेल फॉरफिटेड’, म्हणजे न भांडता दंड भरला. निर्दोष सुटलो असा अर्थ कुणी काढू नये, कायद्याने ती दोषसिद्धीच. शेवटी ‘पेड इन फुल’, बाकी ०.००. दुसऱ्या पानाच्या तळाशी जांभळा शिक्का, तारीख, डेप्युटी क्लार्कची सही आणि बोटाला लागणारा उठावाचा ठसा.

इंटरव्ह्यूला ऑफिसर नेमका त्या ‘एफटीए’वर थांबला. नुसतं बँक स्टेटमेंट नेलं असतं तर ही ओळ आम्हालाच माहीत नसती आणि नवरा तिथे चाचपडला असता. घर बदलल्याचं सांगितलं, ऑफिसरने पुढच्या ओळी वाचल्या, कागद स्कॅन केला आणि नागरिकशास्त्राच्या प्रश्नांकडे वळला.

आता एडिसनच्या मैत्रिणीने माझं पत्र मागितलंय. तिला पाठवलं, पण काउंटीचा पत्ता खोडून. न्यू जर्सीत ट्रॅफिकची तिकिटं काउंटीच्या नव्हे तर गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतात, आणि तिला तिकीट मिळालंय शेजारच्या गावात. तेव्हा आधी तिथे फोन, मग शुल्क विचारायचं, आणि चेक त्यानंतर.