टेक्ससमधलं प्राहा

ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओच्या रस्त्याला शुलेनबर्गच्या पुढे आत वळलं की प्राहा लागतं. गाव म्हणायचं आपलं, घरं मोजकीच, पण मध्ये हे एवढं थोरलं दगडी चर्च आणि त्याच्या बाजूला दफनभूमी.

१८५०च्या दशकात बोहेमिया-मोरावियातली चेक शेतकरी कुटुंबं गॅल्व्हस्टन बंदरात उतरून बैलगाड्यांनी या भागात आली आणि कापूस, मका लावून बसली. पुढे १८७३ला रेल्वे आली ती प्राहा सोडून शेजारच्या फ्लेटोनियातून गेली, झालं, व्यापारउदीम सगळा तिकडे. आता गंमत बघा, हे चर्च १८९५चं आहे, म्हणजे बाजार उठून गेल्यावर बावीस वर्षांनी बांधलंय! दुकानदार रेल्वेमागे गेला असेल हो, शेतकरी कुठे जाणार, त्याची जमीन इथे आणि आईबाप पण इथेच पुरलेले. आत गेलं की लाकडी छतावर वेलबुट्टी आणि देवदूत रंगवलेत, मान दुखेपर्यंत बघत बसावं असं काम आहे.

मला मात्र दफनभूमीतच जास्त वेळ लागला. जुन्या दगडांवर चेक भाषेत मजकूर आणि तीच तीच चार आडनावं, म्हणजे घरात जशी भांडली असतील तशीच शेजारी शेजारी झोपलीत सगळी. प्राहाची नऊ मुलं दुसऱ्या महायुद्धात गेली, फेब्रुवारी १९४४ ते फेब्रुवारी १९४५, एका वर्षात, एवढ्याशा गावातून. कुणाच्या शेतात किती हात कमी झाले असतील त्या वर्षी, हाच विचार येत राहतो.

१५ ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो तेव्हा बाहेरगावी गेलेली सगळी मंडळी इथे परत येतात, म्हणजे थेट आपली गावची जत्राच, जेवणं, गाणीबजावणी, कोण कुणाचा नातू याची चौकशी. आपल्याकडे ही चौकशी करायला त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्या काढाव्या लागतात, कारण अस्थी नदीत गेल्या की जागा अशी उरतच नाही. मला आजवर तेच बरं वाटायचं, उगाच जमीन कशाला अडवा. इथे जरा डळमळले.

आणि तेवढ्यात एक दगड दिसला, नवऱ्याचं नाव, जन्म, मृत्यू सगळं कोरलेलं, शेजारी बायकोचं नाव आणि जन्मसाल, पुढे नुसती रेघ. बाई जिवंत आहेत म्हणजे! रविवारी प्रार्थनेला आल्या की स्वतःचं नाव वाचून घरी जात असतील. मी नवऱ्याला म्हटलं, आपलं काय रे ठरलंय? तर म्हणाला, आपलं काय, गोदावरी. म्हटलं, ह्यूस्टनहून नाशिकची तिकिटं बघितलीस का सध्या? तर म्हणाला, ते मुलं बघतील, तू आधी गाडीत बस, शुलेनबर्गमधले कोलाचे, ते चेक गोड पाव, संपतील.