पातेल्यात उकळलेला दगड

समुद्री टँक सांभाळणं हा माझा धंदा. उन्हाळ्यात मला येणाऱ्या बहुतेक फोनांचा विषय एकच असतो : फ्रॅगवर शेवाळ चढलंय. फ्रॅग म्हणजे प्रवाळाच्या मोठ्या वसाहतीतून कापलेला तुकडा. सिरॅमिकच्या छोट्या प्लगवर सुपरग्लू जेलनं तो चिकटवलेला असतो. नव्या प्लगचा पृष्ठभाग कोरा, खडबडीत, त्यावर अजून गुलाबी चुनखडी शैवालाचा थर धरलेला नसतो. मोकळी जागा दिसली की हिरवं केसाळ शेवाळ पहिलं तिथेच बसतं, तेही कडेला, जिथे गोंद उघडा राहिलेला असतो. तिथून ते पॉलिपांच्या, म्हणजे प्रवाळाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या छोट्या जिवांच्या, देठांमध्ये शिरतं. पॉलिपांना त्याचा स्पर्श सहन होत नाही, ते मिटून बसतात. मिटलेल्या पॉलिपाला उजेड मिळत नाही, की खाणंही. लोक म्हणतात शेवाळानं प्रवाळ खाल्लं. शेवाळ खात नाही, उपाशी ठेवतं.

आपल्याकडे हे फ्रॅग बहुतेक 'बटण पॉलिप'चे असतात आणि त्याला कारण आहे. सगळे दगडी प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. त्यांचा व्यवहार गुन्हा आहे. कोणी छुप्यानं आणून दिले तरी मी त्या टँकला हात लावत नाही. बटण पॉलिप, म्हणजे झोअँथिड, त्या यादीत नाहीत. रंग झगझगीत, जगायला चिवट, भाव परवडणारा. त्यामुळे नवा शौकीन यांच्यापासूनच सुरुवात करतो. पण दुकानदार त्याला यांच्याबद्दल एक गोष्ट सांगत नाही आणि हा मजकूर मी त्या एका गोष्टीसाठी लिहितोय.

ठाण्यात माझे एक जुने ग्राहक आहेत, निवृत्त इंजिनीअर. मी त्यांना काका म्हणतो. तीनशे लिटरचा टँक, खाली सम्प म्हणजे गाळणीची टाकी, फेसातून घाण काढणारा स्किमर आणि शेजारी एक वही. सॅलिनिटी म्हणजे खारटपणा, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट, सगळं तारीखवार. असा ग्राहक मिळणं भाग्याचं. मे महिन्यात त्यांचा फोन आला, "अरे, दगडावर अर्धा बोट शेवाळ आहे आणि वहीत फॉस्फेट शून्य! टेस्ट किट खराब आहे का?" किट ठीक असतं. शेवाळ माजलेलं असलं की पाण्यातलं फॉस्फेट तेच पिऊन टाकतं, मोजायला उरतच नाही. शनिवारी येतो म्हटलं.

शनिवारी दार उघडलं आणि आधी वास आला. कोलंबी उकडताना येतो तसा, पण त्यात ओल्या चुन्यासारखं काहीतरी. स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं, झाकण अर्धवट आणि पाणी खदखदतंय. काका अभिमानानं म्हणाले, "तू येईपर्यंत एक दगड तरी उरकला. व्हिडिओत दाखवलंय, उकळला की शेवाळ मुळासकट मरतं." मी वाफेतून वाकून बघितलं नाही. जवळही गेलो नाही. टँकमध्ये डाव्या कोपऱ्यातली जागा रिकामी होती, एवढं पुरे होतं. तिथला दगड मला पाठ होता. तपकिरी, जाड देठाचे, रुपयाच्या नाण्याएवढ्या तोंडाचे पॉलिप, मुळांशी वाळू घट्ट धरून बसलेले. बटण पॉलिपांतलाच एक प्रकार, पॅलिथोआ.

हात लांब करून गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि सगळ्यांना घराबाहेर काढलं. काका, काकू आणि सुट्टीला आलेला नातू. काकू म्हणाल्या, "अहो, पण पातेलं उतरवू दे तरी." मी त्यांच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांत त्या घरात माझा आवाज कधी चढला नव्हता. जिन्यात उभं राहून त्यांना सांगितलं, की या प्राण्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि उकळल्यानं ते मरत नाही, उलट बारीक थेंबांवर बसून श्वासात जातं.

काकांचा विश्वास बसेना. साहजिक आहे. दोन वर्षं ज्या दगडावर हात फिरवला तो विषारी कसा असेल? म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळ एक डबकं होतं. तिथल्या शेवाळासारख्या वनस्पतीनं भाल्याची टोकं विषारी होतात अशी तिथल्या लोकांची धारणा होती. ती वनस्पती नव्हतीच, पॅलिथोआ होता. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातून विष वेगळं केलं. रेणू अवाढव्य, एकशे एकोणतीस कार्बनचा. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. हे विष त्या पंपाला उघडं भोक करून टाकतं. मग स्नायू, हृदय, फुप्फुस, जे सापडेल ते बिघडतं. उतारा नाही. सगळ्या झोअँथिडांत ते सारखं नसतं. काहींत जवळजवळ नाहीच, तर काही पॅलिथोआंत भरपूर. नुसत्या डोळ्यांनी यातला कुठला कोणता हे छातीठोक सांगता येत नाही, मलाही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या पॉलिपांची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या काहींत विष प्रचंड प्रमाणात निघालं. आणि त्या तपासणीला निमित्त झाला तो गृहस्थही घरच्या टँकमधले पॉलिप उकळत्या पाण्यानं मारायला गेला होता. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरातल्या स्टीव्हनटन गावी टँकमधल्या प्रवाळामुळेच एक अख्खं कुटुंब रुग्णालयात दाखल झालं. तरी आपल्या बाजारात पिशवीवर साधा इशारा नाही.

जिन्यात अर्धा तास झाला असेल, काकू म्हणाल्या, "तोंडात लोखंड ठेवल्यासारखं लागतंय." मग खोकला. मग मे महिन्याच्या दुपारी त्यांना हुडहुडी भरली. काका आणि नातू ठीक होते, कारण वाफेशेजारी कुकर लावत उभ्या होत्या त्या काकूच. रिक्षा केली आणि जवळचं रुग्णालय गाठलं.

तिथे आधी भेटलेल्या डॉक्टरांनी मला बोलू दिलं नाही. "मासे खाल्ले होते का? व्हायरल चालू आहे सध्या." ताप बघितला, पॅरासिटॅमॉल लिहिलं आणि घरी जा म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, एक मिनिट. ते वैतागून म्हणाले, "तुम्ही कोण? पेशंटचे कोण लागता?" फिश टँकवाला म्हटल्यावर चर्चा संपली. आमच्या कामाला लोक शोभेच्या वस्तूंची झाडपूस समजतात. मीठ मोजणारा, अल्कलिनिटीचा हिशेब ठेवणारा, पंप उघडून इम्पेलर बदलणारा माणूस त्यांच्या लेखी माळ्याच्याही खालचा.

नशीब की तिथे एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "नाव काय म्हणालात विषाचं?" मी कागदावर लिहून दिलं, पॅलिथोआ, पॅलिटॉक्सिन, वाफेतून, साधारण किती वाजता. त्यांनी उभ्याउभ्या मोबाइलवर वाचलं, परत येऊन काकूंना विचारलं, "मावशी, तोंडात धातूची चव आहे का? छाती आवळल्यासारखी वाटते?" मग ऑक्सिजन मोजला, ९१. दाखल करून घेतलं. ऑक्सिजन, नेब्युलायझर, ईसीजी आणि स्नायूंना इजा झालीय का ते बघायला सीपीके ही रक्ततपासणी. तो वाढलेला निघाला, म्हणून मूत्रपिंडाला त्रास नको म्हणून सलाईन. नवीन माहितीला नाक न मुरडणारा डॉक्टर म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. काकू बऱ्या होऊन घरी आल्या. जिना चढताना मात्र अजून दम लागतो.

संध्याकाळी मी पातेलं बघायला परत गेलो. वाफ पूर्ण बसली होती. नायट्राइलचे हातमोजे दुहेरी, गॉगल, मास्क. पातेल्यातल्या पाण्यात घरचं ब्लीच ओतलं, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या हिशेबानं, आणि तासभर ठेवलं. ओटा, शेगडी, फरशी, भिंतीच्या टाइल्स, सगळं त्याच द्रावणानं ओलं करून अर्धा तास राहू दिलं आणि मग पुसलं. सोबत संडासाचं अॅसिड कधीही वापरू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पातेलं, झाकण, चमचा आणि फडकी टाकून दिली. काका पातेल्यासाठी हळहळले, लग्नातलं होतं ते. तरी मी ठेवू दिलं नाही.

आता शेवाळाचं. फ्रॅगवरचं शेवाळ काढायला उकळण्याची गरज कधीच नसते आणि हवेत घासायची तर मुळीच नाही. टूथब्रशनं घासताना पॉलिपातला रस डोळ्यांत उडून बुबुळाला इजा झालेले लोक आहेत. मी असं करतो : टँकचं पाणी बादलीत घेतो आणि फ्रॅग पाण्याखालीच धरतो. लांब केस चिमट्यानं मुळाशी पकडून उपटतो. ओढायचं ते प्लगच्या बाजूला, पॉलिपाच्या बाजूला नाही, नाहीतर देठ फाटतो. मग दुसऱ्या भांड्यात तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक भाग औषधाला नऊ भाग टँकचं पाणी, आणि पाच मिनिटं बुडवणं. शेवाळावर बारीक बुडबुडे चढतात, दोन दिवसांत ते पांढरं पडतं. प्लग फारच खराब असेल तर कटरनं मुळापासून तोडून टाकतो, पॉलिपाखाली दोन मिलिमीटर चकती ठेवतो आणि नव्या प्लगवर चिकटवतो. उघडा राहिलेला गोंद बोटानं सपाट करून पॉलिपाखाली दाबतो, म्हणजे शेवाळाला कड मिळत नाही. पिसासारखी पानं असलेलं शेवाळ असेल तर ते ब्रायोप्सिस. त्याला गोगलगायी तोंड लावत नाहीत, त्यासाठी लोक केमिस्टकडून फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध आणतात. काकांकडे साधं केसाळच होतं. त्यांचे बाकीचे सगळे फ्रॅग मी याच रीतीनं साफ केले आणि ते उघडलेही. हिरव्या तोंडाची, नारिंगी कडेची एक माळ तर आता दुप्पट झालीय.

पण उपटलेलं शेवाळ परत येतंच, त्याला खायला कुठून मिळतं ते शोधेपर्यंत. काकांचं मीठ कालवायचं पाणी डीआय रेझिनमधून, म्हणजे क्षार शोषून घेणाऱ्या गाळणीतून येतं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य. ते निर्दोष होतं. मग वहीत शेवटच्या पानाकडे लक्ष गेलं : उन्हाळ्यात रोज पाच लिटर टॉप-अप. बाष्पीभवनाची भरपाई. ते पाणी कुठलं? स्वयंपाकघरातल्या आरओचं. मीटर घातला, १६०. सोसायटीला मेमध्ये बोअरचं टँकरपाणी येत होतं आणि सर्व्हिसिंगला आलेल्या मुलानं पाणी 'गोड लागावं' म्हणून यंत्रातला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून कच्चं पाणी मिसळायला सुरुवात केली होती. प्यायला ते चालतं. टँकमधून मात्र फक्त पाणी उडतं, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. रोज पाच लिटरमधलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आत साचत गेलं. कारण इतकं साधं होतं. टॉप-अप डीआयवर आणलं, शेवाळ खाणाऱ्या चार टर्बो गोगलगायी वाढवल्या आणि पावसाळ्यापर्यंत प्लग गुलाबी दिसायला लागले.

ज्या दुकानातून तो दगड आला तिथे मी गेलो. मालक वाईट माणूस नाही, वीस वर्षं ओळखतो. म्हणाला, "दादा, असं लिहून लावलं तर कोण घेईल?" मी म्हटलं, चाकू विकणारा चाकूला धार आहे हे लपवत नाही. त्यावर तो गप्प बसला, पण पिशवीवर काही आलं नाही. आयातदाराकडच्या डब्यावर नाव 'मिक्स पॉलिप', दुकानदाराच्या बिलावर 'पॉलिप', ग्राहकाच्या वहीत 'ब्राऊन बटण'. प्रत्येक पायरीवर नाव गळत गेलं आणि शेवटी गॅसवर चढलं ते निनावी. काकांनी व्हिडिओत जे बघितलं ते चूक नव्हतं, तो कोरड्या, मेलेल्या दगडाचा व्हिडिओ होता. जिवंत दगडाशी त्याचा संबंध नाही, एवढं एक वाक्य त्यात कोणी घातलं नाही.

मी आता प्रत्येक ग्राहकाच्या टँकखाली, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, मार्करनं लिहितो : कोणते पॉलिप, उकळू नये, उघड्या हातानं कापू नये, त्रास झाला तर डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगावा. दोघा ग्राहकांनी ते पुसलं. फर्निचर खराब दिसतं म्हणे.

काकांकडे पॅलिथोआ अजून आहे. उकळलेल्या दगडावरून तो आधीच मधल्या मोठ्या दगडावर पसरलेला होता. काकूंना टँकच नको झालाय, काकांना तो सोडवत नाही. तडजोड म्हणून पुढच्या रविवारी तो दगड काढायचा ठरलाय. पाण्याखालीच पिशवीत घालून, पिशवी बांधून, गच्चीवर ब्लीचच्या पिंपात दोन दिवस. त्यानंतर टँकमध्ये नवं कार्बन, म्हणजे पाण्यातलं नको ते शोषणारा कोळसा, आणि पाण्याचा मोठा बदल. काकू नातवाला घेऊन बहिणीकडे डोंबिवलीला जाणार आहेत. काका मदतीला थांबतो म्हणतात. त्यांना मी सांगितलंय, तुम्हीही डोंबिवलीला.