स्टॉलचे भाडे आणि अडकलेले बिल

एका बँकेच्या परकीय व्यापार विभागात मी बरीच वर्षे निर्यातीची कागदपत्रे तपासण्याचे काम केले. त्या काळातला एक लखोटा अजून आठवतो. निर्यातदार लहान होता आणि ही त्याची पहिलीच मोठी ऑर्डर होती. परदेशातल्या एका व्यापार प्रदर्शनात, सरकारी अनुदानातून मिळालेल्या स्टॉलवर, त्याला हा ग्राहक भेटला होता. विमानभाड्याचा काही भागही सरकारनेच उचलला होता. लखोट्यात इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), विमापत्र आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात तयार झाला याचे प्रमाणपत्र) अशी सगळी कागदपत्रे नीट लावलेली होती. मात्र माल जहाजावर चढून २३ दिवस झाले होते आणि लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यावर पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी, तिच्यातली अट कागदपत्रे २१ दिवसांत सादर करण्याची होती. शिवाय इन्व्हॉइसवर मालाचे वर्णन लिहिताना एलसीमधला एक शब्द गळला होता.

बँकेच्या भाषेत या दोन ‘डिस्क्रिपन्सी’, म्हणजे त्रुटी झाल्या. एलसीचे व्यवहार जगभर ज्या नियमावलीने चालतात, ती यूसीपी ६०० ही १ जुलै २००७ पासून लागू आहे, आणि तिचे मूळ तत्त्वच असे आहे की बँकेचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. माल उत्तम आहे, वेळेत निघाला आहे, हे सगळे खरे असूनही कागद चुकला की पैसे देण्याची बँकेची हमी गळून पडते आणि निर्यातदार ग्राहकाच्या मर्जीवर येतो. इथेही तेच झाले. मधल्या काळात त्या मालाचे भाव उतरले होते, त्यामुळे ग्राहकाला ती त्रुटी आयतीच सापडली. त्याने घसघशीत सूट मागितली आणि निर्यातदाराने ती मुकाट्याने दिली, कारण परक्या बंदरात पडलेल्या मालावर विलंबशुल्क रोज चढत असते. दोन दिवसांचा उशीर कशामुळे झाला, असे मी निर्यातदाराला विचारले. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन ते देणाऱ्या कार्यालयाच्या टेबलावर पडून राहिले होते. स्टॉलच्या भाड्यात जेवढे वाचले, त्याहून अधिक त्या टेबलावर गेले.

निर्यात प्रोत्साहनाविषयी जे काही बोलले जाते, ते ऐकताना मला हा लखोटा आठवतो. सरकारी मदतीची गर्दी प्रवासाच्या सुरुवातीला असते, आणि जिथे पैसे खरोखर बुडतात तिथे पोहोचेपर्यंत ती विरळ होत जाते.

याला एक ठळक अपवाद आहे आणि माझ्या मते सरकारने निर्यातदारासाठी शोधून काढलेली ती सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे. ती म्हणजे निर्यात पतविमा. परदेशातला ग्राहक दिवाळखोरीत गेला किंवा पैसे देण्याचे टाळू लागला, त्याच्या देशात युद्ध पेटले किंवा तिथल्या सरकारने परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंदी घातली, तर बुडालेल्या रकमेचा मोठा हिस्सा विमा संस्था भरून देते. पहिल्या महायुद्धानंतर विस्कटलेला व्यापार पुन्हा उभा राहावा म्हणून ब्रिटनने १९१९ मध्ये यासाठी स्वतंत्र सरकारी खाते उघडले. अशा प्रकारची जगातली ती पहिली सरकारी संस्था. १९३४ मध्ये अशा विमा संस्थांचा बर्न युनियन हा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेने निर्यातीला कर्ज आणि हमी देणारी आपली सरकारी एक्झिम बँक काढली, आणि गंमत म्हणजे तिच्या स्थापनेमागचा पहिला हेतू सोव्हिएत संघाशी होणाऱ्या व्यापाराला कर्जपुरवठा करणे हा होता.

युद्ध किंवा चलनबंदी यांसारखी जोखीम खाजगी विमा कंपन्या एकट्याने घ्यायला कचरतात, कारण अशा संकटात एकाच देशातले सगळे ग्राहक एकाच वेळी थकतात. सरकारला ती परवडते. त्याची मुदत लांब असते, आणि दुसऱ्या सरकारशी वाटाघाटी करून वर्षानुवर्षांनी का होईना, थकबाकी वसूल करण्याची ताकद त्याच्याकडे असते. शिवाय हप्ता नीट आकारला तर या मदतीचा करदात्यावर कायमचा बोजा पडत नाही.

तरीही हा विमा लहान निर्यातदाराच्या हाताला पुरता लागत नाही, आणि त्याचे कारण पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते. विमा काढला म्हणजे जगातला प्रत्येक ग्राहक आपोआप सुरक्षित झाला, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहकासाठी पतमर्यादा, म्हणजे किती उधारीपर्यंत संरक्षण मिळेल ती रक्कम, आधी मंजूर करून घ्यावी लागते. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर ते ठरलेल्या दिवसांत कळवावे लागते. आणि आधीचे बिल थकलेले असताना त्याच ग्राहकाला पुढचा माल पाठवला, तर त्या मालावरचे संरक्षण सहसा जाते. सर्वांत बोचणारी अट वादाची आहे. ग्राहकाने ‘मालच खराब होता’ असे लेखी कळवले की वाद मिटेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा त्या ग्राहकाच्या देशातल्या न्यायालयाचा किंवा लवादाचा निकाल लागेपर्यंत, दावा थांबून राहतो. विमा संस्थेच्या बाजूने ही अट योग्यच आहे. निर्यातदाराच्या स्वतःच्या चुकीची भरपाई तिने का करावी? पण कायदा विभाग पदरी असलेली कंपनी हा वाद लढू शकते, चार माणसांचा कारखाना लढू शकत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या फेटाळलेल्या दाव्यांपैकी बहुतेकांत लबाडी नव्हती, फक्त कुठला तरी कागद कुठल्या तरी तारखेला पाठवायचा राहिला होता.

मोठ्यांनाच मदत मिळते, ही तक्रार फक्त आपल्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांची नाही. अमेरिकेच्या एक्झिम बँकेला तिचे टीकाकार, बोइंग या बलाढ्य विमान कंपनीच्या नावाने, ‘बोइंगची बँक’ म्हणत आले आहेत. जुलै २०१५ मध्ये तिच्या अधिकाराची मुदत संपली आणि डिसेंबरमध्ये ती पुन्हा वाढवून मिळाली, पण संचालक मंडळाची गणसंख्या भरत नसल्यामुळे मे २०१९ पर्यंत तिला १ कोटी डॉलरपेक्षा मोठे व्यवहार मंजूर करता येत नव्हते. लहान व्यवहार त्या काळातही चालू राहिले.

सरकारने सरळ पैसेच द्यावेत, असे अनेक निर्यातदारांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनाही ते मान्य नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या अनुदानविषयक करारात ‘निर्यात केली तरच मिळेल’ असे अनुदान सरसकट निषिद्ध ठरवले आहे. अल्पविकसित आणि काही गरीब देशांना त्यातून सवलत आहे. शेतमालावरची निर्यात अनुदाने बराच काळ यातून सुटलेली होती, पण डिसेंबर २०१५ च्या नैरोबी परिषदेत तीही बंद करण्याचे ठरले. विमाहप्ता दीर्घकाळाचा खर्च आणि तोटा भरून निघणार नाही इतका कमी ठेवला, तर तेही निर्यात अनुदानच धरले जाते.

हे नियम मोडले की काय होते, याचे नमुनेदार उदाहरण ब्राझील आणि कॅनडा यांच्या विमानभांडणात दिसते. ब्राझीलची एम्ब्राएर आणि कॅनडाची बॉम्बार्डिए या दोन कंपन्यांची छोटी प्रवासी विमाने एकाच बाजारात विकली जात होती आणि दोन्ही सरकारे आपापल्या कंपनीच्या ग्राहकांना स्वस्त कर्जाचा आधार देत होती. दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी केल्या आणि दोघेही दोषी ठरले. २००० मध्ये कॅनडाला वर्षाला ३४.४२ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत, तर २००३ मध्ये ब्राझीलला एकूण २४.७८ कोटी अमेरिकी डॉलरपर्यंत प्रतिकारवाई करण्याची मुभा मिळाली. प्रत्यक्षात दोघांनीही ती वापरली नाही. दोन्ही खजिन्यांतून पैसा गेला आणि त्यातला बराचसा फायदा विमाने विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांना झाला. निर्यात अनुदानाची ही जुनी खोड आहे: ग्राहकाला त्याचा वास लागला की तो तेवढ्याने भाव पाडून मागतो.

निर्यात मालावर भरलेला कर परत करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि या दोन्हींची गल्लत फार होते. निर्यात होणाऱ्या मालासाठी आयात केलेल्या कच्च्या मालावरचे सीमाशुल्क परत मिळते, त्याला ड्यूटी ड्रॉबॅक म्हणतात. प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपेक्षा परतावा जास्त नसेल, तोपर्यंत हे अनुदान मानले जात नाही, कारण एका देशाने आपले कर दुसऱ्या देशाच्या ग्राहकावर लादू नयेत एवढाच त्याचा अर्थ आहे. हा निर्यातदाराचा स्वतःचा पैसा आहे, बक्षीस नाही. तो सहा महिने अडकला तर निर्यातदाराने सरकारला बिनव्याजी कर्ज दिले असे होते; तरीही वार्षिक अहवालांत तो ‘प्रोत्साहन’ या शीर्षकाखाली दिमाखात छापला जातो.

प्रदर्शने आणि शिष्टमंडळे निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. फिनलंडने १९१९ मध्ये, जपानने १९५८ मध्ये आणि दक्षिण कोरियाने १९६२ मध्ये व्यापारवृद्धीसाठी स्वतंत्र संस्था उभारल्या. १९६४ पासून जिनिव्हाचे आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र अशा संस्थांना, विशेषतः विकसनशील देशांतल्या, साहाय्य करत आहे. पेरूमध्ये एकेका कंपनीच्या निर्यातीच्या नोंदी तपासून झालेल्या संशोधनात असे आढळले की या मदतीमुळे कंपन्या नव्या देशांत पोहोचतात आणि नव्या वस्तू पाठवू लागतात, मात्र जुन्याच देशाला तीच वस्तू जास्त प्रमाणात पाठवण्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही. हे माझ्या अनुभवाशी जुळते. दार उघडून देण्यापुरती ही मदत कामाची असते. प्रदर्शनातल्या फलकासमोर मंत्र्यांबरोबर काढलेले फोटो आमच्याकडेही खूप येत, कर्जाच्या अर्जाला जोडलेले.

कागदांच्या बाबतीत काय करता येते, हे सिंगापूरने फार पूर्वी दाखवून दिले. १ जानेवारी १९८९ रोजी तिथे ट्रेडनेट सुरू झाले आणि वेगवेगळ्या कार्यालयांत फिरणारे परवान्यांचे अर्ज एकाच इलेक्ट्रॉनिक खिडकीतून जाऊ लागले. हीच कल्पना जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात आली. तो करार २०१३ मध्ये बालीत ठरला आणि २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला. यात फीत कापण्यासारखे काही नसते. कुणाचे तरी प्रमाणपत्र चार दिवसांऐवजी चार तासांत मिळते, एवढेच, आणि त्याची बातमी होत नाही.

तो निर्यातदार दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. ग्राहक तोच होता, ऑर्डर पहिलीच्या निम्मी होती. एलसीचा मसुदा त्याने या वेळी आधीच आणून दाखवला आणि कागदपत्रे सादर करण्याची मुदत २१ ऐवजी ३० दिवस करून घेतली. मालाचे वर्णन एलसीवरून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलेला इन्व्हॉइसचा कच्चा नमुनाही त्याने बरोबर आणला होता. पूर्ण संच माझ्या टेबलावर आला तो सतराव्या दिवशी. मी तो दोनदा तपासला, काही सापडले नाही, आणि शेरा न मारता पुढे पाठवला.