दगड शिवला, पुढे?

गोव्यात बर्फ दिसतो तो मासळीबाजारात, नाही तर सोड्याच्या ग्लासात. तरी हिवाळी ऑलिंपिक आलं की मी कर्लिंग लावून बसतो. जवळजवळ २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं. घरातल्यांना वाटतं, याला केर काढायला सांगितलं तर मात्र कंबर दुखते.

मला त्यातला एक नियम फार आवडतो. सरकत्या दगडाला झाडू किंवा बूट लागला, तर ज्याचा लागला त्यानेच तिथल्या तिथे सांगायचं. मोठ्या स्पर्धांत दगडाच्या मुठीत सेन्सर असतात, पण ते दगड ठरलेल्या रेषेच्या आत सोडला की नाही एवढंच बघतात; शिवलेला दगड त्यांना कळत नाही. कॅनडा-स्कॉटलंडमधल्या हौशी लीगमध्ये असले लाड नाहीत, पंचही बहुधा नसतो. दिवसभर ऑफिस करून आलेली माणसं आपापले फाऊल आपणच पुकारतात.

पण कबुली देणं मला सोपं वाटतं. खरी पंचाईत समोरच्या कप्तानाची. तो दगड बाजूला काढायचा, आहे तिथे ठेवायचा, की न शिवता जिथे गेला असता तिथे अंदाजाने लावायचा, हे त्याने ठरवायचं. २०१८ साली प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या खेळाडूकडून दगड शिवला गेला. कॅनडाची कप्तान रेचल होमनने तो सरळ उचलून बाहेर काढला. नियम पूर्णपणे तिच्या बाजूने होता, तरी कर्लिंगवाले तिच्यावरच तुटून पडले. कॅनडा तो सामना हरलाही.

आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर शनिवारी रात्री कॅरम चालतो. तिथे बोट लागून सोंगटी हलली की समोरचा मोठ्या मनाने म्हणतो, "असूं दे रे, खेळ." इथेच घात होतो. एकदा हे 'असूं दे' घेतलं की पुढचे चार बोर्ड तुम्ही त्याचे देणेकरी. त्याचा स्ट्रायकर रेषेवर नीट टेकलेला नसला तरी तोंड उघडायची सोय नाही. त्यापेक्षा सरळ ड्यू भरावा, म्हणजे दंडाची सोंगटी बोर्डावर परत ठेवावी, आणि मोकळं व्हावं. होमनबाईंना मी तरी नावं ठेवणार नाही.

कर्लिंगची आणखी एक रीत आहे. सामना संपला की दोन्ही संघ एका टेबलावर बसतात आणि पहिला पेला जिंकणाऱ्यांनी पाजायचा असतो. आमच्याकडे भजी-चहाचे पैसे हरणारा देतो, आणि वर टोमणे खातो. मी ही रीत मंडळींना सांगितली. लगेच मंजूर झाली. त्या शनिवारी चांगले चांगले गडी तोंडाशी आलेली राणी चुकवत होते, आणि झाला फाऊल कबूल करायला तर नुसती चढाओढ लागली होती.