छिद्रे वाढली, नायट्रोजन उडून गेला

सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या विद्युतसाठवण उपकरणासाठी, नायट्रोजनयुक्त सच्छिद्र कार्बन तयार करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा कार्बनचे पृष्ठफळ वाढले की धारकताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढणारच, अशी माझी पक्की समजूत होती. आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर जमतात आणि त्यातूनच विद्युतभार साठतो, त्यामुळे ती समजूत निराधार नव्हती. अपुरी मात्र होती.

कार्बनसाठी ग्लुकोज घेतले आणि नायट्रोजनसाठी मेलामाइन, कारण त्याच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश नायट्रोजनच असतो. हे मिश्रण आर्गॉनच्या प्रवाहात भाजून काळा कोळसा मिळाला, तो छिद्रे पाडण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीबरोबर खलून पुन्हा भट्टीत ठेवला. पहिल्या वेळी मी अॅल्युमिनाची बोट (भट्टीत नमुना ठेवायचे नावेच्या आकाराचे भांडे) वापरली आणि वितळलेल्या अल्कलीने ती कुरतडून टाकली. तो सगळा नमुना टाकून द्यावा लागला. त्यानंतर निकेलची बोट वापरली.

धुण्याचे काम मला वाटले होते त्यापेक्षा कितीतरी चिकाटीचे निघाले. भुकटीवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतताच ती फसफसते, कारण अल्कली आणि कार्बनच्या अभिक्रियेतून तयार झालेले पोटॅशियम कार्बोनेट आत शिल्लक असते. पुढे गाळलेल्या पाण्याचा थेंब सामूपट्टीवर ठेवून तो उदासीन येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धूत राहायचे. एकदा मी दोन धुण्या आधीच थांबलो, तर छिद्रांत अडकलेल्या क्षारांमुळे पृष्ठफळ बरेच कमी भरले.

दुसरी भाजणी 800 अंश सेल्सिअसला केलेल्या नमुन्याचे पृष्ठफळ पाहून मला फार आनंद झाला होता. पोटॅशियम सुमारे 759 अंशांना उकळते, त्यामुळे या तापमानाला अभिक्रियेत सुटलेल्या धातूची वाफ कार्बनच्या थरांत शिरून त्यांना फाकवते. पण पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात नायट्रोजनचे शिखर जेमतेम दिसत होते. जी उष्णता छिद्रे उघडत होती, तीच नायट्रोजनला हुसकावून लावत होती. याउलट 600 अंशांच्या नमुन्यात 398.5 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे पिरिडिनिक आणि 400.3 च्या आसपासचे पायरोलिक नायट्रोजन (अनुक्रमे सहा आणि पाच अणूंच्या कड्यांत बसलेले) ठळक होते, आणि विद्युतप्रवाह कमी असताना त्यांच्या अभिक्रियांमुळे जास्तीची धारकताही मिळत होती. मात्र प्रवाह वाढवताच ती झपाट्याने घसरली, कारण अरुंद छिद्रांतून आयनांना वेळेत ये-जा करता येत नव्हती. शेवटी मी 700 अंश निवडले. या नमुन्याने पृष्ठफळात किंवा नायट्रोजनच्या प्रमाणात पहिला क्रमांक पटकावला नाही, तरी जलद चार्जिंगमध्ये तोच टिकला.

मोजमापाने मला सर्वाधिक शिकवले. सुरुवातीचे इलेक्ट्रोड प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 1 मिलिग्रॅमचे होते, आणि इतक्या पातळ थरात वजनातली बारीकशी चूकही प्रति ग्रॅम आकडा फुगवते. मार्गदर्शक मॅडमनी वही पाहून एवढेच विचारले, ‘‘हाच थर दहापट जाड केलास तर?’’ तसा इलेक्ट्रोड करून पाहिला. प्रति ग्रॅम धारकता घटली आणि डिस्चार्जच्या आरंभी विभवाची (व्होल्टेजची) घसरणही वाढली. शिवाय दोन सारख्या इलेक्ट्रोडच्या सेलची धारकता दोघांच्या एकूण वजनाने भागली, तर ती एकट्या इलेक्ट्रोडच्या आकड्याच्या एक-चतुर्थांश येते. यांतला नेमका कोणता आकडा आपण लिहितो आहोत, हे न सांगणे मला आता चुकीचे वाटते. वहीत 700 अंशांच्या नमुन्यापुढे मी जाड इलेक्ट्रोडचाच आकडा नोंदवला आहे, आणि त्याच्या शेजारी थराचे वजन.