एकादशी, दिवे घाट आणि बोटात रुतलेली अंगठी

माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करून सासवडच्या वाटेला लागते, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. म्हणजे तीसेक किलोमीटरची लांबलचक चाल, शेवटी दिवे घाटाची चढण, आणि वर उपवास. मी वर्षाला दोन-तीन अर्धमॅरेथॉन पळणारा माणूस. दर वीस मिनिटांनी किती घोट प्यायचे, हेसुद्धा कागदावर मांडून आलो होतो.

हडपसरपर्यंत मजेत गेलो. ढग होते, ऊन नव्हतं, म्हणून निर्धास्तही होतो. पण ती हवा फसवी. चालताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णताच होते. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र वाळला तर! दमट हवेत, खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत तो वाळतच नाही, नुसता गळतो. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही.

मी आपला घड्याळाकडे बघून पीत राहिलो. तहान नव्हती, तरी पीत राहिलो. पोटात सकाळपासून दोन केळी आणि चहा, बस्स. वडकी नाल्याच्या अलीकडे डोकं जड झालं, पोट डुचमळायला लागलं. बोटातली अंगठी फिरेना. आणि मी काय केलं? अंगातलं पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी प्यायलो.

आमच्या दिंडीत माणदेशातल्या एक मावशी होत्या. सत्तरीच्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"आरं माउली, किती पानी ढोसतूयास? पोटाचा रांजण केलास की."

कमरेची पिशवी सोडून त्यांनी मूठभर खारे शेंगदाणे आणि सैंधवाचा खडा हातावर ठेवला. "हे चघळ. आन् तहान लागंल तवाच पी."

घामात सोडियम जातं. भरपाईला नुसतं पाणी ओतलं की रक्तात उरलेलं सोडियम आणखी विरळ होतं आणि पाणी पेशींत शिरायला लागतं. बोटं सुजतात, मळमळतं. फार झालं तर मेंदूला सूज येते, माणूस बरळायला लागतो, आणि तेव्हा शेंगदाणे नाहीत, दवाखानाच गाठावा लागतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. ही माहिती मला होती. माझं रक्त कुणी तपासलं नाही, त्यामुळे मलाही तेच झालं असं छातीठोकपणे म्हणत नाही. पण माहिती असून अंगठीकडे बघायचं सुचलं नाही, हे खरं.

दुपारच्या विसाव्याला खिचडी आली. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टाचा गोळा, असं म्हणून घरी मी नाक मुरडायचो. त्या दिवशी तिच्यातला स्टार्च, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप आणि मुख्य म्हणजे मीठ, सगळं पानात चाटूनपुसून खाल्लं. तासाभराने लघवीला झाली आणि डोकंही हलकं झालं.

घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आम्हाला जुंपायला कुणी नव्हतं, पण टाळ होते. व्यायाम झेपतोय की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे बोलता येतंय का. वारकरी तर गात चढतात. चाल अभंगाच्या पुढे जातच नाही, म्हणून दम लागत नाही, आणि एवढ्या संथ चालीला शरीर चरबीही भरपूर वापरतं, साखरेचा तुटपुंजा साठा पुरवून पुरवून खर्चतं. मी एकदा हौसेने वेग वाढवला, तर 'ज्ञानबा-तुकाराम'मधलं 'तुकाराम' तोंडातच राहिलं.

सासवडला टोपी काढली तर कडेला मिठाचे पांढरे ओघळ. जेजुरी, वाल्हे, लोणंद असं करत फलटण आलं तेव्हा ते बरेच फिके झाले होते. शरीर उन्हाला रुळायला आठवडा ते दोन आठवडे घेतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि घामग्रंथी मीठ राखायला शिकतात. अठरा-वीस दिवसांच्या वाटेवर त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. कागद मात्र मी जेजुरीतच चहाच्या टपरीवर भजी धरायला दिला होता.

वेळापूरच्या अलीकडे उतारावरून धावा असतो. सगळे पळतात. मांड्या अजून दुखत होत्या, उताराला तर जास्तच, तरी मी पळालो. खाली पोचलो तेव्हा मावशी तुळस सावरत आधीच उभ्या होत्या.

"अंगठी फिरती का?" त्यांनी विचारलं.

फिरवून दाखवली.